नगरपंचायतीच्या बांधकाम कामांसाठी ठेकेदार म्हणून नोंदणी कशी करावी

आमच्या भागात नालीचे, सिमेंट रस्त्याचे किंवा शाळेच्या खोलीचे काम प्रत्यक्ष कोणी केले हे गावातील प्रत्येकाला ठाऊक असते, परंतु कार्यालयाच्या फाइलमध्ये त्या माणसाचे नाव बहुधा नसते. काम नोंदणीकृत ठेकेदाराच्या नावावर निघते, तो ते पेटी ठेकेदाराला देतो आणि पेटी ठेकेदार मजूर, मिक्सर व सेंट्रिंग घेऊन ते पूर्ण करतो. मी स्वतः यवतमाळ जिल्ह्यात सहा वर्षे याच पद्धतीने काम केले. नाल्या बांधल्या, लहान मोऱ्या बांधल्या, अंगणवाडीच्या दोन खोल्या उभ्या केल्या. पुढे स्वतःच्या नावाने नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा अनुभवाच्या रकान्यात जोडण्यासाठी माझ्याकडे एकही कागद नव्हता आणि फाइल परत आली. त्यात कार्यालयाचा दोष नव्हता, कारण कागदोपत्री त्या सहा वर्षांत मी काहीच केलेले नव्हते. पुढील मजकूर अशा मिस्त्री, पेटी ठेकेदार आणि नुकत्याच शिकून आलेल्या अभियंत्यांसाठी लिहीत आहे, ज्यांच्या हातात काम आहे पण नावावर काम नाही.

नेमके काय हवे आहे ते आधी ठरवावे

‘ठेकेदारीचे लायसन्स’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी बोलल्या जातात आणि त्यामुळे अनेकांचे हेलपाटे चुकीच्या टेबलावर होतात. पहिली गोष्ट म्हणजे बांधकाम परवानगी. ती घराच्या मालकाने घ्यायची असते आणि नगरपंचायत क्षेत्रात ती २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार मिळते. ठेकेदाराचा तिच्याशी थेट संबंध नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नकाशे तयार करून त्यांवर सही करणाऱ्या परवानाधारक अभियंत्याचा किंवा पर्यवेक्षकाचा परवाना. तो शैक्षणिक पात्रतेवर मिळतो आणि त्याच्या आधारे शासकीय काम घेता येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे शासकीय व निमशासकीय कामांची निविदा भरण्यासाठी लागणारी ठेकेदार नोंदणी, आणि हा लेख तिच्याविषयी आहे.

खाजगी घर बांधून देण्यासाठी आपल्याकडे ठेकेदाराला असा कोणताही सर्वसाधारण परवाना लागत नाही, म्हणून केवळ गावातील घरे बांधणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र जो स्वतः जागा घेऊन सदनिका किंवा भूखंड विकणार आहे, त्याला ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा ८ पेक्षा अधिक सदनिका असल्यास रेराची, म्हणजे स्थावर संपदा कायद्याखालील, नोंदणी करावी लागते. ते क्षेत्र निराळे आहे. रस्त्यावरील दिवे बसवणे किंवा इमारतीची वायरिंग करणे यासाठी विद्युत ठेकेदाराचा स्वतंत्र परवाना लागतो. स्थापत्य कामाची नोंदणी दाखवून विजेची निविदा भरल्यास ती तांत्रिक छाननीतच बाद होते.

कोणत्या दारातून आत जावे

विदर्भात नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर या चार महानगरपालिका आहेत. बाकीच्या भागात नगर परिषदा आणि नगरपंचायती आहेत, आणि मारेगाव, राळेगाव, धारणी, एटापल्ली यांसारख्या अनेक तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर गेल्या दशकातच झाले. या लहान संस्थांकडे अभियंते थोडे असतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी निविदेच्या अटीत ‘सार्वजनिक बांधकाम विभागाकडील योग्य वर्गातील नोंदणी’ असेच लिहिलेले आढळते. म्हणून माझा सल्ला असा आहे की, नोंदणी सार्वजनिक बांधकाम विभागाकडेच करावी. ती नगरपंचायत, नगर परिषद, जिल्हा परिषद अशा अनेक ठिकाणी उपयोगी पडते, तर एखाद्या संस्थेपुरती घेतलेली नोंदणी त्या संस्थेच्या हद्दीबाहेर फारशी कामाची नसते. तरीही अर्ज करण्यापूर्वी आपल्या नगरपंचायतीच्या मागील दोन-तीन निविदा सूचना वाचाव्यात आणि त्यांत कोणती नोंदणी व कोणता वर्ग मागितला आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

विभागाची नोंदणी वर्गवार असते. प्रत्येक वर्गाला किती रकमेपर्यंतचे काम घेता येईल याची मर्यादा ठरलेली असते आणि वर्ग जितका वरचा, तितकी ऐपत, अनुभव, यंत्रसामग्री आणि तांत्रिक मनुष्यबळ यांची अपेक्षा जास्त असते. खालच्या वर्गांची नोंदणी कार्यकारी अभियंत्याच्या पातळीवर, मधल्या वर्गांची अधीक्षक अभियंत्याच्या मंडळ कार्यालयात आणि वरच्या वर्गांची त्याहून वरच्या पातळीवर होते. मर्यादेचे आकडे शासन निर्णयाने बदलत असल्यामुळे दुसऱ्याच्या जुन्या प्रमाणपत्रावरचा आकडा गृहीत न धरता विभागीय कार्यालयातून चालू तक्ता घ्यावा. सुरुवात खालच्या वर्गापासून करण्यात कमीपणा मानू नये, कारण गावपातळीवरील नाली, पेव्हिंग ब्लॉक, संरक्षक भिंत, समाजमंदिर अशी कामे त्या मर्यादेत सहज बसतात.

स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी घेतलेल्या तरुणांसाठी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणीची वेगळी वाट आहे. त्यात पूर्वानुभवाची अट आड येत नाही. राज्यात ठरावीक रकमेच्या आतील कामांचे वाटप ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंते, ३३ टक्के मजूर सहकारी संस्था आणि ३४ टक्के खुले ठेकेदार या प्रमाणात काम वाटप समितीमार्फत करण्याची पद्धत आहे, त्यामुळे नव्या अभियंत्याला पहिले काम मिळण्याची खरी संधी येथेच असते. ज्या गावात दहा-पंधरा कुशल कामगार एकमेकांना धरून राहणारे आहेत, तेथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली मजूर सहकारी संस्था स्थापण्याचाही विचार व्हावा, परंतु ती संस्था खरोखर मजुरांचीच असावी. सभासदांची नावे केवळ यादीत आणि कारभार एकाच्या हातात, असे झाले की चौकशीच्या वेळी अंगठा लावणारा मजूर अडकतो.

एक गैरसमज येथेच दूर करावासा वाटतो. रोजगार हमीच्या मजुरीच्या कामांवर ठेकेदार नेमता येत नाही. पांदण रस्त्यांची किंवा विहिरींची अशी कामे ‘ठेक्याने मिळवून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर त्या व्यवहारापासून दूर राहावे.

कागद गोळा करण्याचा खरा क्रम

पॅन, आधार, रहिवासी दाखला, छायाचित्रे, पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला आणि व्यवसाय कराची नोंदणी हे कागद कोणीही आठ-पंधरा दिवसांत जमवू शकतो, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग म्हणून केंद्र शासनाकडे होणारी नोंदणी, पूर्णपणे विनामूल्य आहे आणि ती आधार क्रमांकावर घरबसल्या होते. तिच्यासाठी हजार-दोन हजार रुपये मोजू नयेत. उद्यम प्रमाणपत्र दाखवले की बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, माफ होते असेही अनेकांना वाटते, परंतु ती सवलत वस्तू व सेवा खरेदीच्या धोरणातील आहे आणि बांधकाम कामांना ती आपोआप लागू होत नाही. निविदेत माफी स्पष्ट लिहिलेली नसेल तर बयाणा भरावाच लागतो.

वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने बांधकामाचा ठेका ही सेवा मानली जाते. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यावर नोंदणी सक्तीची होते, पण निविदेत ती बहुधा आधीच मागितलेली असते, त्यामुळे सुरुवातीलाच घ्यावी. एकदा नोंदणी घेतल्यावर काम असो वा नसो, विवरणपत्र मुदतीत भरणे बंधनकारक आहे. काम नाही म्हणून वर्षभर विवरणपत्र न भरलेल्या ठेकेदाराची नोंदणी रद्द झालेली मी पाहिली आहे, आणि त्याला ते निविदेचा तांत्रिक लिफाफा उघडल्यानंतर कळले.

आता ज्या तीन कागदांवर फाइल अडते, त्यांच्याकडे वळतो.

पहिला अडथळा नावाचा आहे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव ‘राव’ लावून असते, आधारवर ते नसते, पॅनवर आडनाव पुढे येते आणि सातबाऱ्यावर आजोबांनी सांगितलेले घरचे नाव असते. छाननी करणारा लिपिक हे चार कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि एका अक्षराचा फरक दिसला तरी त्रुटीपत्र काढतो, आणि त्याने तसे करणे योग्यच आहे, कारण उद्या देयक याच नावाच्या खात्यात जमा होणार असते. म्हणून सर्वांत आधी पॅन, आधार आणि बँक खाते यांवरील नाव अक्षरशः सारखे करून घ्यावे. केवळ लेखनातला फरक असेल तर प्रतिज्ञापत्र चालू शकते. नावच बदललेले असेल तर राजपत्रात प्रसिद्धी देणे अधिक सुरक्षित ठरते.

दुसरा अडथळा ऐपतीच्या दाखल्याचा आहे, ज्याला सगळे सॉल्व्हन्सी म्हणतात. विभाग कोणाचा दाखला मागतो, बँकेचा की तहसीलदारांचा, हे अर्जाच्या सूचनेत पाहावे. बँक हा दाखला खात्यातील व्यवहार आणि स्थावर मालमत्ता पाहून देते, आणि ग्रामीण भागात मालमत्ता म्हणजे बहुधा वावरच असते. येथे कास्तकार कुटुंबातील अर्जदाराने स्वतःचा सातबारा नीट वाचावा. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या पीक कर्जाचा बोजा अनेकदा तसाच राहिलेला असतो, जरी ते कर्ज केव्हाच फिटलेले असले. सोसायटीकडून किंवा बँकेकडून बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा, फेरफार मंजूर होऊ द्यावा आणि मग नवा सातबारा घेऊन बँकेत जावे. या एका नोंदीसाठी मला दोन महिने लागले होते, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करावे. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर तिच्या हस्तांतरणावर निर्बंध असल्यामुळे बँक तिची किंमत धरण्यास कां-कूं करते. अशा वेळी मुदत ठेव, गावठाणातील घर किंवा सहअर्जदाराची मालमत्ता यांचा आधार घ्यावा लागतो.

तिसरा आणि सर्वांत मोठा अडथळा अनुभवाचा आहे. मूळ कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय घेतलेले पोटकंत्राट अनुभव म्हणून धरले जात नाही, आणि आपल्याकडची जवळजवळ सर्व पेटी कामे अशीच विनापरवानगीची असतात. यावर उपाय दोनच आहेत. एक म्हणजे पुढील काळात ज्याच्या हाताखाली काम करणार आहात, त्याच्याकडून किमान लेखी कार्यादेश घ्यावा, रक्कम रोखीने न घेता बँकेतून घ्यावी आणि त्यावर आपल्या पॅनवर आयकर कपात करण्यास सांगावे. ती कपात आयकर विभागाच्या २६ एएस या विवरणात आपल्या नावे दिसते आणि त्या वर्षी आपण इतक्या रकमेचे काम केले याचा तो पक्का पुरावा होतो. दुसरा उपाय म्हणजे खाजगी कामे नीट कागदावर आणणे. शाळा, जिनिंग, गोदाम, पतसंस्थेची इमारत अशी कामे करताना करारनामा, देयके, बँकेतील जमा आणि वास्तुविशारद किंवा अभियंत्याचा कामपूर्ती दाखला हे चार कागद एकत्र ठेवावेत. असा खाजगी अनुभव किती प्रमाणात मान्य होईल हे नोंदणी प्राधिकारी ठरवतो, पण कपातीच्या पुराव्यासह सादर केलेला अनुभव सरसकट नाकारला जात नाही.

उलाढालीचे प्रमाणपत्र सनदी लेखापालाकडून घ्यावे लागते. फेब्रुवारी २०१९ पासून अशा प्रत्येक प्रमाणपत्रावर १८ अंकी युडीआयएन क्रमांक असणे आवश्यक आहे आणि कार्यालय तो ऑनलाइन तपासू शकते. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागितली जात असल्याने, ज्याला दोन वर्षांनी नोंदणी करायची आहे त्याने विवरणपत्र यंदापासूनच भरण्यास सुरुवात करावी, मग उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी चालेल.

अर्ज दाखल करताना

अर्जाचा नमुना भरताना मशिनरीच्या तक्त्यात मिक्सर, व्हायब्रेटर, ट्रॅक्टर, पाण्याचे टँकर यांची नोंद खरेदीच्या पावतीसह किंवा नोंदणी पुस्तकासह करावी. भाड्याची यंत्रे दाखवायची असल्यास भाडेकरार जोडावा. अभियंत्याची नेमणूक दाखवायची असेल तर त्याची पदविका आणि संमतिपत्र जोडावे, आणि त्या अभियंत्याला हे माहीत असावे, कारण एकाच अभियंत्याचे नाव पाच ठेकेदारांच्या फाइलमध्ये आढळले की पाचही फाइली संशयात येतात. भागीदारी संस्थेच्या नावाने अर्ज करणाऱ्यांनी भागीदारी पत्र निबंधकांकडे नोंदवून मगच पुढे जावे. विदर्भासाठी ते कार्यालय नागपूरला आहे.

फाइलच्या प्रत्येक पानाला क्रमांक द्यावा, पहिल्या पानावर कागदांची सूची जोडावी आणि संपूर्ण संचाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. अर्ज ऑनलाइन असो वा कार्यालयात द्यायचा असो, पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नये. कार्यालयात दिलेल्या अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असावा, कारण पुढे जे काही बोलायचे ते त्या आवक क्रमांकाच्या आधारेच बोलता येते. शुल्क चलनाने किंवा ऑनलाइन भरावे आणि त्याखेरीज कोणालाही काही देऊ नये. त्रुटीपत्र आले तर मन खट्टू करून घेऊ नये. त्यातील प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमाने उत्तर देऊन कागद पुन्हा सादर करावेत. अर्ज कारणाशिवाय पडून राहिल्यास, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली ती सेवा अधिसूचित असल्याची खात्री करून प्रथम अपील करता येते. ठरलेल्या दिवसांचा फलक कार्यालयात लावलेला असतो. पूर्वी आपल्या नावावर झालेल्या एखाद्या कामाचा आदेश हरवला असेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्कासह अर्ज करून प्रति पान २ रुपये दराने त्याची प्रत मिळते.

दलालाविषयी स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य समजतो. तालुक्याच्या ठिकाणी ‘अनुभव प्रमाणपत्रासह नोंदणी करून देतो’ म्हणणारी माणसे असतात. अनुभव प्रमाणपत्राची पडताळणी ते देणाऱ्या कार्यालयाकडे पत्र पाठवून केली जाते, आणि ते खोटे निघाल्यास नोंदणी रद्द होते, काळ्या यादीत नाव जाते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. दलाल त्या वेळी कुठेच नसतो, कारण अर्जावर सही आपली असते.

डिजिटल स्वाक्षरी आणि पहिली निविदा

नोंदणी प्रमाणपत्र हाती आल्यावर त्याची मुदत डायरीत लिहून ठेवावी आणि संपण्याच्या बऱ्याच आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा. त्यानंतर वर्ग ३ ची डिजिटल स्वाक्षरी घेऊन महाटेंडर्स या राज्याच्या संकेतस्थळावर स्वतःच्या ई-मेलने खाते उघडावे. ई-मेल स्वतःचाच असावा हे मी मुद्दाम लिहितो. अनेक ठेकेदार निविदा भरून देणाऱ्या केंद्रचालकाचा ई-मेल देतात, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन आणि त्याचा संकेतशब्दही त्याच्याच ड्रॉवरमध्ये ठेवतात. तो टोकन म्हणजे आपली सही आहे. कोरा धनादेश सही करून दुसऱ्याच्या दुकानात ठेवण्यासारखेच ते आहे. निविदा भरण्यासाठी केंद्रात जावे, तेथील माणसाची मदत घ्यावी, पण काम झाल्यावर टोकन खिशात घालून घरी आणावा.

निविदा दोन लिफाफ्यांत असते. तांत्रिक लिफाफ्यात कागदपत्रे आणि आर्थिक लिफाफ्यात दर. दराचा एक्सेल तक्ता उतरवून घेतल्यावर त्याचे नाव बदलू नये आणि त्यात ठरवून दिलेल्या घरांखेरीज काहीही लिहू नये, नाहीतर प्रणाली तो स्वीकारत नाही. बयाणा रक्कम स्वतःच्याच खात्यातून भरावी, कारण परतावा ज्या खात्यातून आली त्याच खात्यात जातो. कागद चढवून झाल्यावर शेवटी ‘फ्रीज’ करण्याची पायरी असते. ती राहिली तर निविदा सादर झालीच नाही असे धरले जाते. मुदत संगणक प्रणालीच्या घड्याळाप्रमाणे संपते आणि तालुक्यात वीज नेमकी दुपारीच जाते, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट न पाहता एक दिवस आधीच निविदा सादर करून पोच छापून घ्यावी. शुद्धिपत्रक निघाले आहे का, हे त्या आधी एकदा तपासावे.

आपल्याकडील लहान कामे बहुधा बी-१ नमुन्यात, म्हणजे टक्केवारी दराने निघतात. अंदाजपत्रकाच्या किती टक्के कमी किंवा जास्त दराने काम करणार, एवढेच लिहायचे असते, आणि याच एका आकड्यात नवा ठेकेदार बुडतो. दर भरण्यापूर्वी जागेवर जावे. काळी माती किती खोल आहे, मुरूम किती फुटांवर लागतो, मिक्सर गल्लीत शिरतो की नाही, रेती कोणत्या घाटावरून येणार आणि अंदाजपत्रकात तिचे वाहतूक अंतर किती धरले आहे, हे सर्व पाहावे. अंदाजपत्रकात घाट २० किलोमीटरवर असेल आणि त्या वर्षी त्याचा लिलावच झाला नसेल, तर रेती ५० किलोमीटरवरून आणावी लागते आणि नफा ट्रकच्या डिझेलमध्ये जातो. मुरूम, गिट्टी आणि रेतीच्या रॉयल्टीच्या पावत्या व वाहतूक पास पहिल्या फेरीपासून जपावेत; त्या सादर न केल्यास रॉयल्टी देयकातून कापली जाते, म्हणजे एकाच मालाचे पैसे दोनदा जातात.

उन्हाळ्यात काम करायचे असेल तर पाण्याचा खर्च वेगळा धरावा. सिमेंट रस्त्याच्या काँक्रीटला १४ दिवस पाणी द्यावे लागते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना सकाळी ओला केलेला बारदाना दहा वाजेपर्यंत कडक होतो. दिवसातून चार वेळा पाणी मारण्यासाठी एक माणूस आणि रोज एक टँकर हा खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही, पण तो वाचवला तर २८ दिवसांनी ठोकळ्याची चाचणी ठीक आली तरी रस्त्याचा पृष्ठभाग पहिल्याच पावसाळ्यात पिठासारखा उडू लागतो.

समजा १० लाख रुपयांचे काम १५ टक्के कमी दराने घेतले. कर वेगळा ठेवून देयक साडेआठ लाखांचे होईल. त्यातून वैयक्तिक ठेकेदाराचा १ टक्का आयकर, म्हणजे ८,५०० रुपये, वस्तू व सेवा कराची २ टक्के कपात, म्हणजे १७,००० रुपये (ठेका अडीच लाखांवरचा असल्यामुळे), बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, म्हणजे ८,५०० रुपये, आणि करारात ५ टक्के सुरक्षा ठेव असेल तर ४२,५०० रुपये कापले जातील. हातात ७,७३,५०० रुपये येतील. आयकराची रक्कम विवरणपत्रातून, वस्तू व सेवा कराची कपात त्याच कराच्या रोख खातेवहीतून आणि ठेव दोष दायित्व कालावधीनंतर, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत संपल्यावर, वळती होते, परंतु मजुरांचे पगार तोपर्यंत थांबत नाहीत. शिवाय दर फारच कमी भरल्यास अतिरिक्त सुरक्षा ठेव द्यावी लागते. काम मिळवण्याच्या ईर्षेने २५-३० टक्के कमी दर भरणाऱ्याला मी एवढेच सांगेन की, आधी वरील हिशेब वहीत मांडावा आणि मग आकडा लिहावा.

काम मिळाल्यानंतरचे कागद

कार्यारंभ आदेश लेखी मिळाल्याशिवाय कुदळ मारू नये. मजुरांची हजेरी पहिल्या दिवसापासून लिहावी आणि त्यांची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी करून द्यावी. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेला कामगार तिला पात्र असतो आणि त्याच्या मुलांच्या शिष्यवृत्तीपर्यंतचे लाभ त्यावर अवलंबून असतात. उपकर आपल्या देयकातून जातच असतो, मग त्याचा लाभ आपल्या माणसांना मिळू नये हे मला पटत नाही. २० किंवा अधिक माणसे कामावर असतील तर भविष्य निर्वाह निधी आणि ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तर कामगार विभागाचा परवाना लागतो.

मोजमापे मोजमाप पुस्तकात नोंदवली जात असताना स्वतः हजर राहावे, फीत आपल्या माणसाने धरावी आणि झाकली जाणारी कामे, म्हणजे पायाची खोली, मुरमाचा थर, लोखंड, माती पडण्यापूर्वीच मोजून घ्यावीत. तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत.

अंतिम देयक सादर कराल त्याच दिवशी कामपूर्ती दाखल्याचा अर्जही द्यावा. अधिकारी बदलून गेल्यावर तो दाखला मिळवणे फार अवघड होते. दाखल्यावर कामाचे पूर्ण नाव, करारनामा क्रमांक, निविदा रक्कम, प्रत्यक्ष झालेल्या कामाची रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, काम पूर्ण झाल्याची तारीख, मुदतवाढ दिली असल्यास तिचा उल्लेख, कामाचा दर्जा समाधानकारक असल्याचा शेरा आणि जावक क्रमांक एवढे सर्व असलेच पाहिजे. माझ्या पहिल्या दाखल्यावर काम पूर्ण झाल्याची तारीखच लिहिलेली नव्हती आणि वरच्या वर्गाच्या अर्जात तो अनुभव मोजला गेला नाही. तेव्हापासून दाखला हाती आला की मी तो टेबलासमोरच उभा राहून पूर्ण वाचतो, आणि तारीख, रक्कम व जावक क्रमांक यांवर बोट ठेवून पाहिल्यानंतरच तो पिशवीत ठेवतो.